फीत दोन हात आत

शनिवार, ८ फेब्रुवारी

ताई,

वर मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून नुसतंच ताई. एकोणीस वर्षांत पत्र लिहायची सवय मोडली. तुझ्या चार ओळी हातात पडल्या तेव्हा आधी पाकीट उलटसुलट करून पाहिलं, चुकून शेजाऱ्याचं तर आलं नाही ना म्हणून. पण अक्षर तुझंच. कागदावर रुसल्यासारखं.

तू लिहितेस: "टिकली त्या मेजरच्या सभांतून भाषणं करते. म्हणते, माझे वडील आखलेली वाट सोडून सुरुंगांत गेले आणि मेजरसाहेब जिवावर उदार होऊन त्यांना आणायला धावले. तेवीस तारखेला मोठी सभा आहे. त्या दिवशी ती त्याला हजारो लोकांसमोर वीर म्हणणार आहे, आणि मी व्यासपीठावर बसावं असा निरोप आलाय. तू तिथे होतास. खरं काय ते लिही."

खरं काय ते मी तुला तेव्हाच सांगितलं होतं, तुझ्या स्वयंपाकघरात उभं राहून. त्यावर तू मला दंडाला धरून दाराबाहेर काढलंस आणि म्हणालीस, "माझा नवरा टॉवेलची घडीसुद्धा कडेला कड लावून घालतो. तो वाट सोडणार नाही. या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस." टाकलं नाही. आता वेगळं काय लिहू? आमची तुकडी सुरुंग काढणारी. जमीन साफ करत पुढे जायचं आणि साफ झालेल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना पांढरी फीत बांधायची. फितीच्या आत जीव, बाहेर मरण. भाऊजींचा पाय बाहेर पडला. मेजर धावले आणि त्यांना खांद्यावर घालून घेऊन आले. अहवालात हेच आहे आणि टिकली बोलते तेही हेच.

मेजरला वीर म्हणावं की नाही हे मला कशाला विचारतेस? मी मोटार शिकवणाऱ्या शाळेत मास्तर आहे. दिवसभर लोकांना क्लच आणि ब्रेक यांतला फरक समजावतो, तेवढीच माझी अक्कल. निवडणूक आली की कुणी गरिबांचा कैवारी होतो, कुणी वीर होतो. शब्दच तो. सभा संपली की खुर्च्यांबरोबर तोही गोळा करून नेतात.

तुला जायचं नसेल तर जाऊ नकोस. गुडघे दुखतात म्हणून सांग. टिकलीला बोलू दे, चांगलं बोलते म्हणतात. तीन वर्षांची होती तेव्हाही आपलंच खरं करायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच मी म्हणेन.

तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा


गुरुवार, १३ फेब्रुवारी

ताई,

माझं पत्र तू मलाच परत पाठवलंस. खाली तीन शब्द: "हे उत्तर नव्हे." आईसुद्धा असंच करायची. करपलेली पोळी न बोलता ताटातून उचलायची आणि करणाऱ्याच्या ताटात ठेवायची.

ठीक आहे. थोडं नीट लिहितो.

सोमवारी माझ्या गाडीत बँकेतल्या बाई होत्या. पन्नाशीच्या, हुशार, पण गाडी मागे घ्यायची म्हटली की पाचावर धारण बसते. चौकात मेजरचं भलंमोठं चित्र लागलंय, त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "मास्तर, तुम्हीही लष्करात होतात ना? लष्करातला माणूस खोटं बोलणार नाही. मी तर त्यांनाच मत देणार." माझ्या पायाशी शिकवणाऱ्याचा वेगळा ब्रेक असतो. तो मी करकचून दाबला. बाई घाबरून म्हणाल्या, "काय आलं आडवं?" काहीच आलं नव्हतं. मी म्हणालो, कुत्रं होतं.

ते चित्र तू पाहिलंयस का? मेजर चालतायत, खांद्यावर एक जवान. जवानाचा चेहरा पलीकडे वळवलाय, कारण भाऊजींचा फोटो त्यांच्याकडे नसणार. मागे लाल फीत काढलीय. आमची फीत पांढरी होती. आणि जवानाच्या पायात दोन्ही बूट आहेत. मी रोज त्या चौकातून चार वेळा जातो.

मंगळवारी त्यांचा प्रचारप्रमुख आमच्या शाळेत आला. गोड माणूस. मला आमच्या मालकांसमोरच म्हणाला, "साहेबांच्या तुकडीतले तुम्ही! तेवीस तारखेला व्यासपीठावर मुलीच्या शेजारी बसायचं. बोलायचं काही नाही, फक्त बसायचं." मी म्हणालो, मला गर्दीत गुदमरतं. तो हसला. "साहेबांना मी तेच म्हणालो, की नाही म्हणाले तर? साहेब म्हणाले, तो बसेल." एवढं बोलून गेला. मालक मला म्हणाले, "बस ना बाबा. वीर असो नाहीतर नसो, शाळेच्या परवान्याची मुदत मार्चात संपतेय."

आता तू विचारलंस त्याबद्दल. मेजर धावले, हे शंभर टक्के खरं आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय. धूर बसला नव्हता. सगळे जिथल्या तिथे गोठले होते, मीही. मेजर जीपमधून उतरले ते थेट वाटेवर शिरले. कुणाकडे बघितलं नाही, टोपी पडली ती उचलली नाही. पुढे आणखी काय पुरलेलं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिथून भाऊजींना उचलून आणलं. जायला, पाय बांधायला आणि परत यायला अकरा मिनिटं लागली. त्यांच्या जागी मी असतो तर गेलो नसतो, हे तुला लिहून देतो. भाऊजींचा श्वास तंबूपर्यंत चालू होता तो त्यांच्यामुळे.

घाई होती एवढं मात्र खरं. मागे गाड्यांचा ताफा खोळंबला होता. चारच्या आत वाट मोकळी करून द्या असं वायरलेसवर तीनदा सांगितलं गेलं. घाईत माणसाचं पाऊल चुकतं. स्फोटात फीत तुटली होती, ती नंतर परत बांधून घेतली. तिकडे कुणाचं लक्ष असणार? त्यामुळे आता कोण कुठे उभं होतं हे नक्की सांगणं अवघड आहे.

एवढंच आठवतं.

धाकटा


सोमवार, १७ फेब्रुवारी

ताई,

तू काही लिहिलं नाहीस. माझं पत्रच परत पाठवलंस, आणि त्यातल्या एका ओळीखाली रेघ मारलीस. "ती नंतर परत बांधून घेतली." रेघ इतकी दाबून मारलीस की कागद फाटलाय.

सोबत वर्तमानपत्राचं कात्रणही पाहिलं. टिकलीचं भाषण. "माझ्या वडिलांकडून एक क्षण बेफिकिरी झाली. त्या एका क्षणाची किंमत मेजरसाहेब स्वतःच्या प्राणांनी चुकवायला निघाले." हे तुझ्या लेकीचे शब्द. ते तू घरात बसून वाचलेस.

आता मी लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा जमणार नाही, तेव्हा वाकडंतिकडं झालं तरी वाच. त्याला भाऊजी म्हणून हे लिहिता येत नाही. लग्नाआधी तो माझा जोडीदार होता, सगळी पलटण त्याला फूटपट्टी म्हणायची. स्थळ मीच आणलं होतं. तसंच लिहितो.

फूटपट्टी फितीच्या आत होता.

पहिल्या दिवसापासून तुझंच खरं होतं. त्याने वाट सोडली नाही. वाटच साफ झाली नव्हती, आणि ती साफ करणारा मी होतो.

आमचं काम कसं चालायचं ते सांगतो. हातात लांब दांड्याचं यंत्र, कानाला त्याची वायर. जमिनीत लोखंड असलं की कानात शिट्टी वाजते. वाजली की गुडघे टेकायचे, सळईने हळूहळू टोचून बघायचं, माती बोटांनी बाजूला करायची. त्या जमिनीवर आधी तोफा डागलेल्या. पावलापावलाला तोफगोळ्यांचे तुकडे. सकाळपासून साठ पावलांत मी एकेचाळीस वेळा गुडघे टेकले आणि एकेचाळीस वेळा भंगार निघालं. सुरुंग एकही नाही. पुढची शेवटची बारा पावलं राहिली होती. तिथे तर शिट्टी थांबेचना. डोकं फुटायची वेळ आली. वायरलेसवर मेजर म्हणत होते, "ताफा उभा आहे, मला चारला वाट पाहिजे."

यंत्राला एक बटण असतं. आवाज कमीजास्त करायचं नव्हे, यंत्राचे कान किती तिखट ठेवायचे त्याचं. मी ते दोन खुणा खाली घेतलं. बारीकसारीक तुकड्यांची शिट्टी बंद झाली. त्या बारा पावलांवरून मी यंत्र असंच फिरवून घेतलं. काही वाजलं नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू तुला. मग मी फीत शेवटपर्यंत बांधली आणि कार्डावर सही केली, की वाट साफ.

नवे सुरुंग प्लॅस्टिकचे होते, आत टाचणीएवढं लोखंड. हे मला माहीत होतं. आम्हाला शिकवलंच होतं ते.

त्याला तंबूत ठेवल्यावर मेजर बाहेर आले. दोन्ही बाह्या लाल. मला बाजूला घेऊन एकच विचारलं, "यंत्राचं बटण कितीवर होतं?" मी सांगितलं. त्यांनी मला मारलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी एकदा बाहीकडे बघितलं. मग म्हणाले, "तू तुरुंगात जाशील. साफ केलेल्या सगळ्या वाटा पुन्हा कराव्या लागतील, ताफा आठवडाभर अडकेल. गेलेला काही परत येणार नाही." पुढे ते म्हणाले, "फीत तुटलीय. बांधून घे. खड्डा बाहेर राहू दे."

मी बांधली. जिथे होती तिथून दोन हात आत. माझ्या हाताने. मग त्यांनी अहवाल लिहिला, की जवान स्वतःच्या चुकीने फितीबाहेर गेला, आणि मी साक्षीदार म्हणून खाली सही केली. त्यानंतर तुझ्या स्वयंपाकघरात आलो.

हे वाचून तू काय करशील ते कर. मी अडवणार नाही. फक्त टिकलीला तू सांगू नकोस. ते मला करू दे.

धाकटा


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

ताई,

तुझं काहीच आलं नाही. टपालवाल्याला मी आता लांबूनच ओळखतो. तोही मला लांबूनच मान हलवून नाही म्हणतो.

बुधवारी मेजरच्या कचेरीत गेलो. म्हटलं, आधी त्यांच्या तोंडावर बोलावं, मग टिकलीकडे जावं. मला वाटलं होतं बाहेर तासभर बसवून ठेवतील. पण नाव सांगताच आत घेतलं. उठून उभे राहिले आणि मला खांद्याला धरलं. केस पिकलेत, बाकी तेच.

मी म्हणालो, "मुलीला थांबवा साहेब."

"मी तिला आणलं नाही. ती आपणहून आली. तिच्या बापाला मी उचलून आणलं, हे खोटं आहे का?"

"नाही."

"मग?"

"तो फितीच्या आत होता."

त्यांनी उठून दार लावलं. मग अगदी शांतपणे, शाळेत उजळणी घेतात तसं विचारलं, "कार्डावर सही कुणाची?"

"माझी."

"अहवालावर?"

"तुमची. खाली माझी."

"अहवाल कुणाला वाचवायला लिहिला?"

ताई, त्यांनी मला वाचवलं हेही खोटं नाही, त्याला मी काय करू? ते म्हणाले, "एकोणीस वर्षं तू मोकळ्या हवेत फिरतोयस. मी त्याचा उच्चारही केला नाही. माझा उजवा खांदा अजून वर होत नाही, त्याला आणलं तेव्हापासून. लोक मला वीर म्हणतात ते मी म्हणायला लावत नाही."

मी म्हणालो, "पण नाहीही म्हणत नाही."

ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. खिडकीपाशी गेले. "तुला जे बोलायचं ते बोल. सही तुझी आहे. मी म्हणेन, मला साक्षीदाराने जे सांगितलं ते मी लिहिलं. लोक कुणाचं ऐकतील, तूच ठरव." चहा आला होता. तो तसाच ठेवून निघालो.

काल टिकलीच्या शाळेत गेलो. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत भेटली. बोटांना खडू, चष्मा डोक्यावर. उभं राहायची ढब थेट फूटपट्टीची. मी म्हणालो, मी तुझा मामा. ती म्हणाली, "ओळखलं. बसा तुम्ही." तुम्ही म्हणाली. बरोबरच आहे म्हणा.

तुला लिहिलं ते सगळं तिला सांगितलं. ऐकून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे मेजरसाहेब वीर नाहीत?"

"धावले तेव्हा होते."

"आणि नंतर?"

"नंतर त्यांनी अहवाल लिहिला."

"आणि तुम्ही सही केली."

"हो."

मग तिने असा प्रश्न विचारला, जो तिला कधीच सुचणार नाही असं मला वाटलं होतं. म्हणाली, "पण मग बाबा तिथे का होते? साफ तुम्ही करत होतात ना?"

ताई, हे मी तुला लिहिलेल्या पत्रात नव्हतं. चोराच्या मनात चांदणं. आमच्या तुकडीत एक पद्धत होती. ज्याची सही, तोच त्या वाटेवरून पहिला चालणार. बाकी सगळे मागे उभे राहून बघणार. लेखी नियम नव्हता, पण कुणी मोडत नसे. म्हणजे त्या दिवशी पहिला मी चालायला हवा होतो.

मी तिला ते सांगितलं. म्हणालो, "माझ्या पोटात कळ आली. तो माझ्याऐवजी गेला."

"आली होती कळ?"

समोर पोरांचा गोंगाट, कुणीतरी दार ढकलून आत येऊन कपाटातून वह्या घेऊन गेलं. ती वाट बघत होती.

मी म्हणालो, "नाही."

तिने चष्मा डोळ्यांवर घेतला. म्हणाली, "आठ सभांतून मी माझ्या वडिलांना बेफिकीर म्हटलंय. माइकवरून." मग घंटा झाली. ती फळ्याचं डस्टर उचलून वर्गावर गेली. मला जा म्हणाली नाही, थांबा म्हणाली नाही.

ती परवा काय करणार मला माहीत नाही. मी प्रचारप्रमुखाला कळवलंय की व्यासपीठावर बसतो. तो म्हणाला, "साहेब बोललेच होते."

तू येऊ नकोस. तू समोर असलीस तर माझी जीभ उचलणार नाही.

धाकटा


सोमवार, २४ फेब्रुवारी

ताई,

टिकलीने तुला कालचं सांगितलं असेलच, पण ती स्वतःबद्दल कमी सांगते हे एका भेटीत कळलं मला. म्हणून लिहितो.

मैदान भरलं होतं. पहिल्या रांगेत माझी खुर्ची, पाठीवर कागद चिकटवलेला: "माजी सैनिक". शेजारी टिकली. तिच्यापलीकडे तुझी रिकामी खुर्ची. तासभरात फक्त एकदा तिने पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

तिचं नाव पुकारलं. हातात लिहिलेला कागद होता, तो तिने घडी घालून खाली ठेवला. कडेला कड लावून. म्हणाली, "मेजरसाहेबांनी माझ्या वडिलांना स्फोटातून उचलून आणलं. हे खरं आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. "ते धावले तेव्हा त्यांच्या पायाखाली काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं. हेही खरं आहे." आणखी टाळ्या, शिट्ट्या. मग म्हणाली, "माझे वडील फितीच्या आत होते. त्यांची चूक नव्हती. अहवाल खोटा आहे आणि तो साहेबांनी लिहिलाय." तरी टाळ्या वाजल्याच, ताई. पहिल्या दोन-तीन वाक्यांची सवय झालेली. मग मागून पुढे हळूहळू शांत होत गेलं. ती म्हणाली, "त्या अकरा मिनिटांपुरतं मी त्यांना वीर म्हणेन. पण ते मत मागतायत पुढच्या पाच वर्षांसाठी. त्यासाठी हा शब्द मी देणार नाही. आठ सभांतून मी माझ्या वडिलांवर खोटा आळ घेतला, त्याची माफी मागते." आणि येऊन बसली. दोन्ही हात तिने मांडीखाली घेतले.

मेजर उठले. मुरलेला माणूस. माइक धरून क्षणभर मान खाली घातली आणि म्हणाले, "बाप गमावलेल्या लेकीचं दुःख मोठं असतं. कुणीतरी या पोरीचे कान भरलेत. मी तिच्यावर रागावणार नाही." लोक हळहळले. अर्धं मैदान त्यांच्या बाजूला गेलं ते मला बसल्या जागी दिसलं. टिकली समोर बघत होती. तिला खोटं ठरवायला एवढं पुरेसं होतं.

मग मी उठलो. कसा उठलो ते विचारू नकोस. मेजरच्या शेजारी जाऊन माइकमध्ये म्हणालो, "कान मी भरले. त्या वाटेवर सही माझी आहे. मी कामात खोटेपणा केला, माणूस मेला, आणि साहेबांच्या सांगण्यावरून मी फीत दोन हात आत बांधली." एवढ्यात माइक बंद केला. उरलेलं मी ओरडून सांगितलं. पुढच्या चार-पाच रांगांना ऐकू गेलं असेल. कुणीतरी ओरडलं, "किती घेतलेस रे?" एक चप्पल आली, ती मेजरच्या छातीला लागून पडली. दोघांनी मला दंडाला धरून पायऱ्यांवरून खाली ओढलं. शर्टाची बाही फाटली, बाकी धडधाकट आहे.

व्यासपीठामागे मेजर आले. मला वाटलं, आता काय ते होणार. पण त्यांनी माणसांना लांब केलं आणि विचारलं, "त्याची बायको आली होती?" मी म्हणालो, नाही. म्हणाले, "बरं झालं." उजवा हात डाव्या हाताने धरून उभे होते. एकदम म्हातारे दिसले. पुढे काही बोलायचं होतं असं वाटलं, पण प्रचारप्रमुख आला आणि ते त्याच्याबरोबर पुन्हा वर गेले. त्यांनी भाषण पूर्ण केलं. लोक म्हणतात, निवडूनही तेच येतील.

आज मालकांनी निवडणूक होईपर्यंत घरी बसायला सांगितलंय. बँकेतल्या बाईंचा निरोप आला, की त्या दुसऱ्या मास्तरांकडे शिकतील. बरोबर आहे, मीही माझ्याकडे शिकलो नसतो. उद्या लष्कराच्या कचेरीत जाऊन जबानी देतोय, लेखी. त्याच्या नावापुढची 'स्वतःची चूक' खोडली गेली पाहिजे. मला काय शिक्षा व्हायची ती होईल. टिकली सोबत येते म्हणाली. मैदानातून निघताना तिने मला पहिल्यांदा मामा म्हटलं, आणि ते ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही, कारण मी अजून एक गोष्ट लपवलीय. तिच्यापासून, तुझ्यापासून, मेजरपासूनसुद्धा. ती ऐकून मला मामा म्हणायचं की नाही ते तिला ठरवू दे.

आजवर तुला जे जे लिहिलं त्यात कुठेतरी दुसरं कुणी होतं. ताफा होता, वायरलेस होता, मेजरची घाई होती. जे घडलं ते मी एकट्याने केलं नाही, असं वाचताना वाटत असेल. लिहितानाही मला तसंच बरं वाटत होतं.

चारला दहा मिनिटं होती. सही झाली होती. मी पोट धरून जमिनीवर बसलो. फूटपट्टी माझ्याजवळ आला, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "बस तू. मी जातो." वाकून बुटाच्या नाड्या घट्ट केल्या. दोन पावलं गेला आणि थांबला. वळून मला म्हणाला, "शेवटपर्यंत झालंय ना रे?"

मेजर तेव्हा जीपमध्ये होते, लांब. वायरलेस गप्प होता. कुणी आमच्याकडे बघत नव्हतं. तो फक्त मला विचारत होता. नाही म्हणालो असतो तर ती बारा पावलं पुन्हा करायला अर्धा तास लागला असता. त्याने स्वतःच केली असती, माझ्यावर हसत हसत.

मी म्हणालो, "झालंय. जा."